रॅक ढिला, बाकी सगळं ठीक

३ ऑगस्ट, रविवार

रोग सापडला! पूलच्या टेबलावर लेकीचा ब्रेक, म्हणजे बॉल फोडायचा पहिला फटका, बिघडलाय तो हातामुळे नाही, रॅकमुळे; बॉल मांडायच्या चौकटीमुळे. निवड स्पर्धा याच महिन्यात, आणि आपल्या हॉलमध्ये अजून तो जुना लाकडी त्रिकोण. त्यात पंधरा बॉल मावतात. ती खेळते नाइन बॉल, नऊच बॉलांचा डाव. पंधराच्या त्रिकोणात नऊ बॉल लावायचे म्हणजे थोरल्याचा शर्ट धाकट्याला. बॉलमध्ये फटी राहतात आणि ब्रेकचा जोर तिथेच जिरतो.

बायकोला सांगितलं. म्हणाली, कोच तुम्हीच आहात ना? यात टोमणा होता की काय, यावर विचार करायला सध्या वेळ नाही.

संकल्प: निवड होईपर्यंत रॅक फक्त मी लावणार. पोरीने नुसतं खेळायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

डायमंड आणला, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा रॅक, प्लॅस्टिकचा. नऊ बॉलांच्या मापाचा. तरी बॉल हलतात. मग माझी खास पद्धत: बॉल जागेवर धरायचा आणि वरून दुसऱ्या बॉलने ठकठक ठोकायचा. कापडात रुतून बसतो, हलायची टाप नाही. ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही.

लेक म्हणाली, बाबा, ठोकू नका ना. म्हटलं, तू तुझ्या ब्रेककडे लक्ष दे.

ब्रेकमध्ये एकही बॉल आत गेला नाही. प्लॅस्टिकच वाकतं, दुसरं काय!

९ ऑगस्ट, शनिवार

लाकडी डायमंड. वजनदार. हातात घेतल्यावरच कळतं, माल आहे. आधीच्यापेक्षा केसभर मोठा, त्यामुळे बॉलच्या जागाही केसभर सरकल्या. सगळे नव्याने ठोकले.

गंमत म्हणजे एक बॉल घट्ट केला की शेजारचा मागे घरंगळतो. तो सारला की पुढचा सुटतो. घामाघूम झालो. लेक क्यूची काठी घेऊन भिंतीला टेकून उभी. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. हल्ली सारखं काही नाही म्हणते. वयच तसं आहे.

१० ऑगस्ट, रविवार

अखेर योग्य वस्तू हाती आली. कागदासारखी पातळ शीट, तिला भोकं. बॉल भोकांत बसवायचे, शीट तिथेच ठेवून ब्रेक करायचा. एकदम मॉडर्न. खबरदारी म्हणून तिच्यावरही बॉल ठोकून बसवले. लेक म्हणाली, बाबा, ठोकावं लागू नये म्हणूनच तर ही शीट असते. म्हटलं, अनुभव नावाची काही चीज असते की नाही?

आज फार खेळली नाही. मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. अभ्यासही हवाच. मी काही त्यातला बाप नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रोज मैत्रिणीकडे. क्यूची पिशवी घेऊन. अभ्यासाला क्यू कशाला, असं बायकोला विचारलं. म्हणाली, ओझं ती वाहतेय, तुमचा खांदा का दुखतोय? हे काही उत्तर नव्हे.

हॉल रिकामा. बरंच आहे. निवांतपणे चारही रॅक लावून पाहिले. ठोकून.

१८ ऑगस्ट, सोमवार

लेक टकल्याच्या हॉलमध्ये खेळते. चौकापलीकडचा नवा हॉल. जाता जाता खिडकीतून दिसली. (जाता जाता म्हणजे मुद्दाम गेलो होतो.) 

टकल्या लांब बसून चहा पीत होता. ना सूचना, ना मार्गदर्शन. रॅक ती स्वतःच लावत होती. आणि रॅक कसला? प्लॅस्टिकचा चिरलेला त्रिकोण, कोपऱ्याला चिकटपट्टी. नाइन बॉलला त्रिकोण! बोटांनी बॉल पुढे सारले, त्रिकोण उचलला, झालं. ठोकाठोकी शून्य. मग ब्रेक. काय आवाज! बॉल चारी दिशांना उधळले, दोन आत. ती खुदकन हसली. आमच्या टेबलापाशी अशी शेवटची कधी हसली होती, आठवेना. बराच वेळ आठवत उभा होतो.

घरी येऊन शांत डोक्याने विचार केला. सगळी करामत त्या चिरेची. चिरेमुळे रॅक ताणतो आणि बॉलना आवळून धरतो. साधं सायन्स आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आपल्या प्लॅस्टिकच्या डायमंडला कोपऱ्यात चीर पाडली. दोन तुकडे झाले.

२३ ऑगस्ट, शनिवार

लेक स्वतःहून हॉलमध्ये आली. मला वाटलं, आली ताळ्यावर. तिने मोबाइलचा टॉर्च लावून कापडावर आडवा धरला. म्हणाली, बाबा, वाकून बघा. वाकलो. देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. प्रत्येक रॅकचे वेगळे, एकमेकांना खेटून. बॉल त्यांत घरंगळतात, म्हणून फटी पडतात. म्हणाली, रॅक सगळे चांगलेच होते. आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मलाही ओरडता आलं असतं.

म्हटलं, कापडच हलकं निघालं.

तिने टॉर्च बंद केला. म्हणाली, उद्या निवडीला तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की ब्रेक केल्यावर मी बॉलकडे बघत नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघते.

म्हटलं, मला तसंही उद्या काम आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

काम काही नव्हतं.

संध्याकाळी फोन आला, बायकोच्या मोबाइलवर. निवड झाली. बायको हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी फोनसाठी हात पुढे केला. म्हणाली, ठेवला हो तिने.

विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का? बायकोने झाकून ठेवलेल्या माझ्या ताटाकडे पाहिलं. म्हणाली, हो, बाबा जेवले का विचारत होती.

मी सकाळपासून जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून कळव, असं सांगितलं.