सत्तरीच्या पटावरचं एकटं 'ली'

आदरणीय दादा यूशान,

धाकट्या यूबोचा चांग्शाहून वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा बसला का? माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि हल्ली ते लिहायलाही संकोच वाटतो.

(वेन गुरुजी, दादा माझे फोन घेत नाही म्हणून हे पत्र, आणि वाचून दाखवणार तुम्हीच. वाक्यावाक्याला चहाचा घोट घेऊ नका. तुम्हाला ठसका लागतो आणि शिव्या मला बसतात.)

तुझ्या सत्तरीला मी लाल कागदावर स्वतः कुंचल्याने लिहून पट पाठवला : 'आमच्या घराचं बळ'. साध्या माणसाने बळासाठी रोजचा 'लीलियांग' शब्द लिहिला असता. पण जन्मभर जुनं वाङ्मय शिकवलेल्या मला तो भाजीबाजारातला वाटला, म्हणून मी नुसतं 'ली' लिहिलं. दोनच फटकारे, पण ऐट अशी की लिहून झाल्यावर मीच लांब उभा राहून पाहत बसलो. तिकडे पंगत शेवया खात असताना वेन गुरुजींनी चष्मा चढवला आणि जाहीर केलं की जुन्या लेखनात एकट्या 'ली'चा अर्थ राबणारा गडी असाही होतो. (गुरुजी, अर्थ बरोबर आहे. शेवया संपेपर्यंत दम धरायला काय झालं होतं?) झालं, भिंतीवर 'आमच्या घरचा गडी' लटकला. वहिनी सांगत होत्या, तू वाडगा खाली ठेवून एवढंच म्हणालास, "खोटं काय आहे त्यात? कावड वाहूनच तर त्याला मास्तर केला." त्यानंतर मी पाठवलेली सुकी पर्सिमन फळंसुद्धा तू न उघडता परत केलीस.

दुसरा अर्थ मला ठाऊकच नव्हता, असं मी इथे सगळ्यांना सांगत सुटलो. ते खोटं आहे. तो अर्थ मी दरवर्षी परीक्षेत विचारायचो आणि 'बळ' लिहिणाऱ्यांचे गुण कापायचो. लिहिताना तो मनात आला नाही, एवढंच खरं. ज्याच्या जिवावर शिकलो त्याचंच नाव घेताना अक्कल कुठे गेली होती, याची मला फार लाज वाटते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा अपराधी भाऊ,
यूबो

ता.क. पट चुलीत घाल. कागद उंची आहे, झटकन पेटेल.

पुन्हा ता.क. वेन गुरुजी, इथे थांबा आणि कागद दादाच्या हातात द्या. पुढचं मोठ्या, सोप्या अक्षरांत लिहिलंय, तेवढं त्याला वाचता येतं.

दादा, कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू माझी पेटी आणि अंथरूण कावडीने वाहून आणलंस. वसतिगृहाच्या दारात पोरांनी विचारलं, हा कोण? मी म्हणालो, घरचा गडी. तू नळावर पाणी पीत होतास. तुला ऐकू गेलं नाही, असं मी अठ्ठेचाळीस वर्षं धरून चाललोय. एकदा फोन उचल आणि मला सांग, तू ऐकलं होतंस का?