तीन टाळ्यांत गेलेली गल्ली

लाउतोका,
बसस्टँडमागचा निळा कंटेनर,
गळीत हंगामाचा तिसरा आठवडा

प्रिय वाइसाके,

तुझा आतेभाऊ इनोके शिंपी याच्याकडून तुला, तुझ्या बायकोला आणि तुझ्या पोटाला वेगवेगळा नमस्कार. (पोटाचं नाव वेगळं घेतलं, कारण मागच्या खेपेला सुलूची लुंगी शिवायला तुझं माप घेतलं तेव्हा माझी टेप संपली आणि ते उरलंच होतं. एवढ्या मोठ्या माणसाचा मान ठेवायला हवा.) गुडघे कसे आहेत? तेल चोळतोस, की अजून देवळात शेवटच्या बाकावर बसून नुसती प्रार्थनाच चालू आहे? मामींच्या गालाचा माझ्या वतीने मुका घे. बेटावर कसावा बरा आला असं बोटवाल्याकडून कळलं, आनंद झाला. पोतं पाठवलं असतंस तर आणखी झाला असता. तुझी बहीण, म्हणजे तीस वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या गळ्यात बांधलेली केलेरा, ठणठणीत आहे. माझ्याशी बोलतेसुद्धा. गेल्या महिन्यात अकरा दिवस बोलत नव्हती, त्याचीच हकीकत सांगायला हे पत्र लिहितोय. बसून वाच, लांबणार आहे.

तू शहरात येऊन दोन वर्षं झाली. आता आलास तर बोटीतून उतरल्या उतरल्या हरवशील, आणि तुला शोधायला फार लोक निघतील अशी खोटी आशा मी तुला देणार नाही. बस पूर्वी जिथे थांबायची तिथे आता गाड्या उभ्या करायला पट्टे मारलेत. रस्ता ओलांडायचा खांब आहे, त्याचं बटण दाबलं की तो पाखरासारखा चिवचिवतो. परवा डोंगराकडची एक आजी पाखरू शोधत तिथेच उभी राहिली आणि तिच्यासाठी दोन वेळा रहदारी थांबून सुटली. चहाच्या टपरीच्या जागी काचेचं कॉफीचं दुकान झालंय. तिथे कॉफी मागितली की काउंटरवरची मुलगी नाव विचारते. मी नाव सांगितलं. मग गाव सांगितलं, बापाचं कुळ सांगितलं, आईचं गाव सांगितलं, मामा कोण तेही सांगितलं (कुणी नाव विचारल्यावर एवढं सांगायला नको? आपल्याला काय वळण नाही?), आणि तिचा मामा कोण म्हणून विचारलं. मागे रांग बसस्टँडपर्यंत गेली. शेवटी तिने कपावर ‘इनो’ एवढंच लिहिलं. उसाची आगगाडी मात्र अजून भर रस्त्यातून जाते. ती आली की बँकेचा साहेब आणि कॉफीचे कप धरलेले लोक मुकाट्याने उभे राहतात, आणि गिरणीची काजळी सगळ्यांच्या शर्टांवर सारखीच पडते. तेवढंच समाधान.

तर आपली गल्ली. तुला माहीतच आहे, लाकडी माड्यांच्या खाली आम्ही पाच जण: मी, शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा गौंडर, खोबऱ्याचे पाव विकणारी वासिती, न्हावी ओसेआ आणि चपला शिवणारा म्हातारा लुम. एका कंपनीने सगळी जागा घेतली आणि तिथे चार मजली काचेची इमारत उभी करायचं ठरवलं. आमच्या हाती कागद आला की गल्ली खाली करा. आमच्याही अंगात पाणी आहे! आम्ही लुमच्या दुकानात सभा घेतली, ‘आम्ही हलणार नाही’ असं पत्र लिहिलं, पाचही जणांनी सह्या केल्या आणि कंपनीशी बोलायला एक माणूस निवडला. ज्याचा आवाज मोठा, ज्याला जुनी भाषा येते, जो लग्नात आणि मयतीत उभा राहून बोलला की बायका पदराला डोळे पुसतात, असा माणूस. हसू नकोस. मला निवडलं.

ठरल्या दिवशी दुपारी कंपनीचा मॅनेजर तोमासी आला. तिशीचा पोरगा, बुटात तोंड दिसेल इतके बूट चकचकीत. मी छाती काढून तयार होतो, पत्र खिशात होतं. पण तो एकटा नव्हता. त्याने गावाकडून एक म्हातारा वक्ता आणला होता, आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात कुटून प्यायच्या यांगोनाच्या मुळांची जुडी होती. अशी जुडी, वाइसाके, अशी की माझ्या दंडाएवढी जाड, मुळ्या जमिनीला टेकलेल्या. तोमासीने दारात बूट काढले, दोघं वाकून आत आले, माझ्या चटईवर मांडी घालून बसले आणि म्हाताऱ्याने बोलायला सुरुवात केली. काय भाषा! माझ्या गावाचं जुनं नाव घेतलं. बापाच्या मशीनचा उल्लेख केला. समुद्र, वारा, देव, सरकार, सगळ्यांना हात घातला. आपल्या आजोबांनंतर असं बोलणं मी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मी ऐकतही नव्हतो. मी मनात त्याच्याहून सरस उत्तर जुळवत होतो. मधल्या भागात तो गल्लीबद्दल काहीतरी म्हणाला. मला वाटलं, कौतुक करतोय. मग त्याने जुडी पुढे ठेवली, आणि माझे हात (तुझी शपथ, माझे हात, मी नव्हे) पुढे गेले, त्यांनी जुडीला स्पर्श केला आणि तीन पोकळ टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण उत्तराचं भाषण तयार होतं ना! ते वाया कसं घालवू? मी म्हणालो, तुम्ही पाहुणे नाही, ही गल्ली तुमचीच आहे, या छपराखाली बसा, ते काढा, दुसरं घाला, आमचा शब्द तुमच्या शब्दाखाली. असंच बोलतात ना रे आपल्यात? बोलायची रीत आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोमासीच्या हातात फोन होता, त्याने सगळं टिपून घेतलं. मग म्हणाला, “आभारी आहोत काका. तुम्ही इतक्या मोठ्या मनाने द्याल असं आमच्या वकिलालाही वाटलं नव्हतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: मधल्या भागात त्याने गल्लीच मागितली होती, आणि पुढे ठेवलेलं टाळ्या वाजवून घेतलं की मागितलेलं द्यावं लागतं.

पुढचे अकरा दिवस मी शत्रूवरही आणणार नाही. वासिती माझ्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “टाळ्याच वाजवायच्या होत्या तर देवळात वाजवायच्या. तिथे निदान जागा तरी जात नाही.” लुमने माझ्या चपला अर्धवट शिवलेल्या परत केल्या. ओसेआने दाढी करताना वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून नुसता उसासा सोडला. आणि गौंडर! एकवीस वर्षांचा शेजार. “अरे, दुनियेच्या सुलूंना खिसे शिवतोस,” तो ओरडला, “त्या दिवशी स्वतःचे हात खिशात घालता आले नाहीत?” मग म्हणाला, जा आणि ती मुळं परत देऊन ये. मी म्हणालो, परत कुठून देऊ? त्याच दुपारी कुटून, पाण्यात कालवून सगळ्यांनी प्यायली, आणि त्यातल्या पाच वाट्या तर गौंडर, तूच रिचवल्यास. त्यावर तो उठून गेला आणि त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं. केलेरा काहीच बोलली नाही. तुम्हा लोकांच्या घरातल्या बायका काही न बोलता किती बोलतात ते मी तुला काय सांगू.

जुन्या माड्या पाडल्या त्या दिवशी मी आणि गौंडर समोरच्या फुटपाथवर उभे होतो. माझ्या दुकानाची भिंत पडली तेव्हा आत बापाने पेन्सिलने लिहिलेली जुनी मापं दिसली, कुणाकुणाच्या कंबरा, बहुतेक सगळे आता मेलेले. मला रडू आलं. लपवत नाही, चांगलं हमसून आलं. गौंडरने खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाला, “नाक पूस. आणि कुणी काही पुढे केलं तर हात मागे ठेव.” तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं.

सध्या कंपनीने आम्हा पाच जणांना बसस्टँडमागे कंटेनर दिलेत. दुपारी आत इतकं तापतं की इस्त्री पेटवावी लागत नाही. इमारत झाली की आम्हाला जागा मिळणार आहे, हे कंपनीने लिहून दिलंय, माणसं वाईट नाहीत. पण नकाशा बघितला तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर! खाली बँक, फोनवाले, औषधवाले, आणि मागच्या अंगाला थोडे छोटे गाळे, जे अजून कुणाला दिलेले नाहीत. लिफ्ट आहे म्हणतात. पण खोबऱ्याचा पाव घ्यायला लिफ्टने कोण वर जाईल? लुमची गिऱ्हाइकं तर चप्पल तुटली म्हणूनच येतात, ती काय अनवाणी तीन मजले चढणार? माझं मी बघून घेईन, पण बाकीच्या चौघांचं पोट माझ्या तीन टाळ्यांनी वर नेऊन ठेवलं, हे मला जेवताना आठवतं आणि घास उतरत नाही. (उतरतो. पण हळू उतरतो.) तोमासीने मला एक उपाय सुचवलाय, पण तो इथे लिहून तुला कशाला त्रास देऊ.

बाकी सर्व कुशल. तुला कधी शहरात यावंसं वाटलं तर ये, कंटेनरमध्ये एक खुर्ची आहे, तू बसलास की एकही राहणार नाही.

तुझा, गल्ली वाटून टाकणारा आतेभाऊ,
इनोके

ता. क. तोमासीचा उपाय लिहूनच टाकतो. तो म्हणाला, “काका, तुमचे हात बांधले गेले तसे आमच्या मालकीणबाईंचेही बांधता येतील. पण मुळांनी नाही, त्यांच्या घरी मुळांची पोती आहेत. देवमाशाचा दात पुढे ठेवून खालचे गाळे मागितलेत तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.” असा दात मला माहीत असलेला एकच आहे, मामांचा, तुझ्या दाराच्या मागे दोरीला टांगलेला. तो हवाय. बहिणीचा मुलगा म्हणून आजोळातून न विचारता न्यायचा मला हक्क आहे, पण मी विचारतोय, ही माझी सभ्यता.

ता. क. २. विचारतोय म्हणजे, विचारून झालंय. हे पत्र घेऊन गौंडर आला ना? त्याने पत्र द्यायच्या आधी चटईवर बसून मुळांची जुडी पुढे ठेवली, आणि आपल्या भाषेत भाषण केलं. ते मी त्याच्याकडून चार दिवस घोकून घेतलंय. दाताची मागणी बरोबर मधल्या भागात आहे. तू त्याचे उच्चार ऐकून हसण्यात गुंग होतास, आणि मग टाळ्या वाजवल्यास. वाजवल्यास की नाही? मी तुझा आतेभाऊ आहे, वाइसाके, तुझे हात मी ओळखतो. दात नीट फडक्यात गुंडाळून दे, गौंडरला बोट लागते.

ता. क. ३. हे गौंडरला वाचून दाखवू नकोस आणि केलेराला कळवू नकोस. खाली चारच गाळे शिल्लक आहेत. मालकीणबाईंसमोरच्या भाषणात मी चारच नावं घेणार आहे. टाळ्या मी वाजवल्या होत्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून थेट धक्का दिसतो, तुझी बोट लागलेली मला कळेल. तू खालीच थांब, ते गुडघे घेऊन वर चढू नकोस, टेप घेऊन मी उतरेन.