चव मी सांगायची

९ मार्च

जुळली! रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. मोठे डॉक्टर म्हणाले, तुमची किडनी तुमच्या भावाला चालेल, आणि इतकं चांगलं जुळणं रोज बघायला मिळत नाही. मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. डायलिसिसच्या सिस्टरने पाणी आणून दिलं.

घरी येऊन धाकट्याला सांगितलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "नको मला."

"तुला विचारलंय कोणी? किडनी माझी आहे. द्यायची का नाही ते मी बघीन."

"आणि घ्यायची का नाही ते?"

दीडशहाणा. जेवला नाही. मग मीही नाही जेवले.

१० मार्च

अबोला.

१४ मार्च

आज भांडण झालं एकदाचं. अबोल्यापेक्षा बरं. म्हणतो, आईची शुगर, आईचा पाय, सगळं तूच काढलंस. मग माझं शिक्षण. आता अंगातलंही कापून देणार का? म्हटलं, हो, देणार. माणसाला एक किडनी पुरते.

"मला दोन होत्या. दोन्ही गेल्या."



आठवड्यातून तीनदा त्याला त्या मशीनला जोडतात. परत येतो तेव्हा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा असतो. शिडीवर चढून दुकानांचे बोर्ड रंगवायचा हा. अर्ध्या बाजारावर अजून त्याच्या हातची अक्षरं आहेत. आता आमचा एक मजला चढताना मध्ये बसतो, आणि वर "चप्पल नीट करतोय" म्हणून मलाच बनवतो. हे मी किती दिवस बघायचं?

२२ मार्च

नरमला. डायलिसिसवरून आल्या आल्या म्हणाला, "ठीक आहे ताई. तुझंच खरं. घेतो."

मला खरंच वाटेना. "परत म्हण."

"घेतो म्हटलं ना. आता काय स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

हसले मी. कितीतरी दिवसांनी.

३० मार्च

ओव्हन आणलाय! कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातला, दार दोरीने बांधलेला. रिकामं बसून वेड लागेल, म्हणे, काहीतरी करू दे. केळी-चॉकलेटचे मफिन करणार आहे. दुसरं काही नाही, तेच.

मी हात जोडले. अरे, केळं तुला विष, चॉकलेट त्याहून विष. दोन्हीत ते पोटॅशियम. ते तुझ्या रक्तात साठलं की काळीजच बंद पडतं, सिस्टरने शंभरदा सांगितलंय. जगात दुसरे पदार्थ नाहीत का?

"मी कुठे खाणारे? तू खायचेस. मी वास घेईन. आणि चव तू मला सांगायची."

त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

५ एप्रिल

पहिले मफिन दगड झाले. एकाने खिडकीची कडी ठोकून बसवली मी. तो बिचारा हसलाही नाही, परत केळी कुस्करायला बसला.

१३ एप्रिल

आता जमायला लागलेत. केळी काळी पडेपर्यंत थांबतो. मी फेकायला निघाले तर हातातून ओढून घेतो. पीठ एकाच भांड्यात कालवायचं, मग दोन वाटे करायचे. एकात कोको. कागदी वाटीत एक चमचा पिवळं, एक चमचा काळं, परत पिवळं. मग ब्रशची मागची दांडी घालून दोनदा फिरवायची, बस्स. तिसऱ्यांदा फिरवलं की सगळा चिखल. हात थरथरतो त्याचा, पण दांडी आत गेली की थांबतो. बोर्ड रंगवताना असाच श्वास धरून ठेवायचा.

मग माझ्यासमोर बसतो. तोंडाकडे टक लावून. "कसा झालाय?"

"बरा झालाय."

"बरा म्हणजे? बरा तर डॉक्टरही म्हणतात."

म्हणून आता नीट सांगायला शिकतेय. कड कुरकुरीत आहे. आत ओलसर आहे. केळं आधी येतं, चॉकलेट मागाहून, आणि शेवटी जरासं कडू. मी सांगत असते आणि तो डोळे मिटून ऐकतो.   अजून एक मागते. त्याचा चेहरा फुलतो ना.

२७ एप्रिल

सकाळी एक, कामावरून आल्यावर दोन, शिवाय डब्यात दोन. आज दुकानात मास्तरांना एक दिला. (आमचे मास्तर कापड बेततात, मी मागच्या खोलीत अल्टरचं काम करते.) मास्तर तीन घासांत संपवून म्हणाले, भावाला म्हणावं, कात्री सोडून मी याचंच दुकान काढतो. मी हौसेने घरी येऊन सांगितलं. तर हा चिडला! "मी तुझ्यासाठी करतो. गावाला वाटायला नाही."

म्हटलं, एवढं काय त्यात?

"परत कोणाला दिलास तर बघ. सगळे तू खायचे."

इतका जीव लावतो आणि दाखवतो असा वाकड्यात.

१६ मे

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. मास्तरांकडून सुट्टी घेतली. मास्तर म्हणाले, "बाई, परत या मात्र. माझ्या हाताखाली एवढी सरळ शिवण कोणाची नाही." रडवलंन मेल्याने.

२३ मे

रक्तात पोटॅशियम वाढलेलं निघालं. सिस्टर माझ्यावरच ओरडली. घरी येऊन मी त्याच्यावर ओरडले. चोरून खातोस! माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस! नाही नाही ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाहीच.

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "चमचा चाटला. एकदाच. राहवलं नाही गं."

छत्तीस वर्षांचा माणूस, आणि चमचा चाटल्याची कबुली देतो. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. ओव्हन उद्याच विकून टाकते म्हणाले, तर माझा हात धरला त्याने. ते नको करूस. काहीही कर, ते नको. एवढा कसला लोभ जडलाय त्याला त्या डबड्याचा?

नाही विकला.

१२ जून

ताप. हातावरच्या त्या सुया टोचायच्या शिरेत पू झालाय. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं हे सगळं आधी निघून जाऊ दे.

१३ जून

ताप तसाच.

२१ जून

घरी आणलं. हाडं मोजता येतात. उठून पहिलं काय केलं असेल? केळी आहेत का विचारलं.

१९ जुलै

माझे कपडे मलाच अल्टर करावे लागतायत. सगळ्या ड्रेसची माया उसवून झाली, आता सोडायला कापडच उरलं नाही. मास्तर म्हणाले, बाई, मापं घेताना आपलंही एकदा घ्या. घरी सांगितलं तर धाकटा म्हणतो, "छान दिसतेस. आधी काय, नुसता हँगर होतीस." आणि पुढ्यात ताटली.

हल्ली सारखी तहान लागते. उकाड्याने असेल. त्याच्यासमोर पाणी प्यायची लाज वाटते, त्याला दिवसभरात मोजून थोडंसंच प्यायची परवानगी. मी दाराआड जाऊन पिते.

९ ऑगस्ट

आता तो बरा आहे. म्हणजे होता तितपत. डॉक्टर म्हणाले, आता उशीर नको, त्याचं हृदय दमत चाललंय. माझ्या तपासण्या मात्र परत करणार. नुसता नियम आहे, म्हणाले.

१० ऑगस्ट

सगळं ठीक होणार. होणारच.

२४ ऑगस्ट

शुगर निघाली.

मला. काठावर वगैरे नाही, चांगली वर. वजनही भरमसाठ. मार्चमध्ये तुम्ही ठणठणीत होतात, डॉक्टर म्हणाले, मध्ये झालं काय? मी म्हटलं, मफिन. ते हसले, त्यांना वाटलं गंमत करतेय. मग हसायचे थांबले. आईला शुगर होती, म्हणजे तुमच्या अंगात बी होतंच, म्हणाले. तुम्ही त्याला पाणी घातलंत.

अशा माणसाची किडनी घेत नाहीत. तीन महिने गोड बंद करा, रोज चाला, वजन उतरवा, मग परत बघू. मी विचारलं, आणि तोवर तो? ते कागद बघत राहिले. 

बाहेर बाकावर बसून होते. माझ्या तोंडात, माझ्या या मेल्या तोंडात, भावाचं आयुष्य घातलं मी. घास घास करून. त्याला बरं वाटावं म्हणून खात होते, असं म्हणून तरी कसं चालेल? आवडायचे मला. अजून एक दे म्हणायचे, ते काही सगळंच त्याच्यासाठी नव्हतं.

त्याला काय सांगू? तुझ्याच हातच्या मफिननी घात केला म्हणून? त्या मशीनवर पडल्या पडल्या तो हाच विचार करत राहील. ही एक गोष्ट तो आनंदाने करतो, तीही जाईल. नाही. हे त्याला कळता कामा नये.

रात्री फक्त म्हटलं, डॉक्टर म्हणाले अजून थोडं थांबा. त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जाऊ दे ताई. जेव."

२६ ऑगस्ट

दोन दिवस पोट बिघडलंय सांगून मफिन टाळले. किती दिवस पुरणार हे पोट?

३० ऑगस्ट

तो मशीनवर झोपला होता. सिस्टरला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, मीच खादाड, मीच घालवलं. तो चांगला घ्यायला तयार झाला होता.

सिस्टरने हातातली फाईल मिटली. मग म्हणाली, "त्याने मला मार्चमध्येच विचारलं होतं. देणाऱ्याला शुगर निघाली तर किडनी घेत नाहीत ना? आईला होती, मग ताईला किती लवकर येईल? कशाने येईल? मला वाटलं, तुमच्या काळजीने विचारतोय."

काळजीनेच विचारत होता.

संध्याकाळी ताटलीत दोन मफिन. "पोट बरं झालं ना? खा, गरम आहेत तोवर." तीन महिने गोड बंद, डॉक्टर म्हणाले होते. मी मांडीवर रुमाल पसरला. तो दुसरा ट्रे काढायला ओव्हनकडे वळला, तेवढ्यात दोन्ही रुमालात घातले आणि रिकामं तोंड हलवत बसले. वळून समोर येऊन बसला.

"कसा झालाय?"

कड कुरकुरीत आहे म्हटलं. आत ओलसर. केळं आधी येतं, चॉकलेट मागाहून. त्याने डोळे मिटून घेतले.

"उद्याही कर," म्हटलं.