बर्फवाल्याचे सात भाग, ताईच्या तोंडून

३ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. खुनी बर्फवाल्याच्या सिनेमाचा आठवा भाग चौदा तारखेला लागतोय. हाच शेवटचा म्हणे.

“त्याआधी सातही भागांचे नंबर लाव,” म्हणाली. “तुझं-माझं भांडण एकदाचं मिटू दे.”

किती वर्षांचं भांडण! मी म्हणते दुसरा भाग सरस, ती म्हणते चौथा. मग जरा थांबून म्हणाली, “ठमे, या वेळी तू सांगायचंस. मी ऐकेन.”

ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या कानाकडे बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही.

हो म्हणून बसले.

४ मार्च, बुधवार

इथेच लिहिते, दुसरीकडे सांगायची सोय नाही — बर्फवाल्याचे सातही भाग मी थिएटरात बसून पाहिले आणि एकही खून पाहिलेला नाही.

तो यायच्या आधी पायरीवर बर्फाचं पाणी ओघळतं. ते दिसलं की मी ताईच्या खांद्यात तोंड खुपसायचे. काय चाललंय ते ती कानात सांगायची. तिने गुडघ्यावर दोनदा थापटलं की डोळे उघडायचे. पहिल्या भागाच्या वेळी मी आठवीत, ती दहावीत. शनिवारचा दुपारचा खेळ, घरी सांगितलेलं वाचनालय. तिच्या गणवेशाच्या खांद्याला गरम इस्त्रीचा वास. तो वास, तो अंधार आणि कानातला तो संथ आवाज... अर्धवट झोपेत कुणी गोष्ट सांगावी तसं. भीती वाटायचीच नाही मला. लग्न झाल्यावरही नवा भाग आला की मी तिच्याकडे यायचे, आणि तिचा खांदा ठरलेला.

आता खांदा माझा. डोळे उघडे ठेवायला शिकायला हवं.

६ मार्च, शुक्रवार

भाचीने — ताईच्या लेकीने — सातही भाग कॉम्प्युटरवर घालून दिले. “मावशी, तू विणकामाचं काहीतरी बघत जा ना.” विणकाम मांडीवर होतंच. भर दुपारी, पडदे सारून, उन्हात बसले.

शाळेतल्या सिस्टर प्रगतिपुस्तकात लिहायच्या तसे शेरे मारायचे ठरवले. पट्टीने रेघ मारून घेतली.

पहिला भाग: वर्तन उत्तम, अभ्यासात चंचल. पहिला खून बघताना दोन टाके सुटले. पण पाहिला.

दुसरा भाग: शेरा नाही.

पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी. पाणी तिच्या पायरीवर येतं तेव्हा ताई कानात म्हणाली होती, “पळाली. कुंपणावरून उडी मारली बघ. शेतातून चाललीये, केस सुटलेत, वर चंद्र आहे.” ती मुलगी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांपुढे पळतेय. आजारपणात, गाडीच्या खिडकीतून, कधी उगाचच. तिच्यासाठी तर दुसऱ्या भागाचा पहिला नंबर!

ती कुंपणापर्यंत पोचतच नाही. शेत नाही. चंद्रही नाही.

९ मार्च, सोमवार

तिसरा, चौथा, पाचवा पाहून झाले.

तिसऱ्यात म्हातारी मागच्या दाराने मांजर घेऊन निसटते, असं ताईने सांगितलं होतं. मांजर कुठेच नाही. म्हातारीचं तर बोलायलाच नको. चौथ्यात बर्फवाला हिरवा स्वेटर घालून येतो म्हणाली होती. आहे काळा रेनकोट, गुडघ्यापर्यंत. मला वाचवायला मुलगी पळवली, म्हातारी पळवली, ते समजतं. पण स्वेटरबद्दल खोटं कशाला?

चौथा भाग: हुशार, पण गर्विष्ठ. पाचवा: पालकांनी भेटावे.

सहावा लावला आणि बंद केला. तो लागला त्याच्या दोनच महिने आधी आई गेली. मी दुसऱ्या गावी. ताईने फोनवर सांगितलं, “झोपेत गेली. काही कळलंसुद्धा नाही तिला.” अगदी त्याच आवाजात. कानातल्या.

मी पोचले तोवर चादरी बदललेल्या होत्या. मी काही विचारलं नाही. तेव्हा विचारावंसं वाटलं नव्हतं.

११ मार्च, बुधवार

ताईला फोन केला. आईचं विचारणार होते. चष्मा, औषधं, भाचीचं नवं ऑफिस असलं बोलून ठेवला.

१४ मार्च, शनिवार

गेलो. दुपारचा खेळ, मागून तिसरी रांग, आमची नेहमीची. थिएटरात नऊ माणसं. ताईने हात घट्ट धरला होता, तळहात थंडगार. दिवे गेल्यावर म्हणाली, “इथे बरंय. इथे सगळ्यांनाच कमी दिसतं.”

पायरीवर पाणी आलं. ताईने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. साठीच्या पुढची बाई, केसांना खोबरेलाचा वास. आणि मी पाहिलं. शिंपीणबाई होती, खिडकीशी शिवत बसलेली. सगळं पाहिलं, शेवटपर्यंत, पापणी न लववता.

“सांग ना,” ताई पुटपुटली.

“गेली,” मी म्हटलं. “मागच्या दाराने.”

“एकटीच?”

“मांजर घेऊन. बाहेर धुकं आहे. धुक्यात दिवे लागलेत, पाण्यात भिजल्यासारखे. ती मशीनवरचा निळा कपडा खांद्यावर टाकून चाललीये, सावकाश.”

सांगता सांगता मलाच ते दिसायला लागलं. पडद्यावर रक्त, आणि मला धुकं. खांद्यावरचं तिचं डोकं जड झालं, मुलं झोपताना होतं तसं. मी दोनदा थापटलं.

बाहेर उन्हात डोळे मिचकावत उभ्या राहिलो. आईचं विचारायला हीच वेळ होती. “मांजर कुठून आली गं?” तिनेच विचारलं. मी म्हटलं, असते शिंप्यांकडे. ती हसली. माझं विचारायचं राहिलं.

१५ मार्च, रविवार

सकाळी ताईचा फोन.

“मांजर माझी होती. तिसऱ्या भागात मीच घातली होती.”

मी म्हटलं, “आणि हिरवा स्वेटर?”

“मला काय माहीत त्याने काय घातलं होतं? मी कुठे बघत होते, ठमे? पाणी दिसलं की डोळे गच्च मिटायचे आणि तुला सांगत सुटायचे. पार्श्वसंगीत थांबलं की थापटायचे.”

मग मी न विचारताच ती त्याच आवाजात म्हणाली, “आईच्या वेळी मात्र डोळे उघडे होते हं. झोपेतच गेली ती.”

दुसरा भाग: पहिला नंबर, कायम. मुलगी कुंपणावरून गेली. वर चंद्र आहे.