हिरवा दिवा कुणाला होता

सांगली, बुधवार

ती. सौ. वन्सं यांस चंदनबालेचा जय जिनेंद्र आणि पाया पडणं. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? तेल संपलं असल्यास कळवा, बाटली तेवढी परत पाठवा. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहिलं तर खोटं बोलल्याचा दोष लागेल, म्हणून लिहीत नाही.

तुमची भाची प्रियदर्शनी विमान चालवायला शिकते हे तुम्हाला पसंत नाही, ते असू द्या. पण त्यासाठी आधी जमिनीवर बसून पुस्तकं पाठ करायची असतात, हे मलाही आत्ताच कळलं. ढग कुठला, वारा कुठला, आणि विमानतळाच्या टॉवरशी रेडिओवर कसं बोलायचं. टॉवर सांगेल ते पोरीनं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, त्याशिवाय चाक हलवायचं नाही. (आपल्या घरात अशी पद्धत असती तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.) येत्या रविवारी सकाळी विमानतळावर तिची याच बोलण्याची तोंडी परीक्षा आहे. हुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि तोवर हे तिला शिकू देतील असं दिसत नाही.

तर घरातला टॉवर मी. मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं, ते वाचून दाखवते. मी माळ्याच्या शिडीवर, ती खाली पाटावर. ह्यांनी चहा मागितला तरी "तुमचा नंबर तिसरा, थांबा" असं तोंडातून जायचं. पण काल आली चतुर्दशी, आणि माझं दिवसभराचं मौनव्रत. पोर रडकुंडीला आली. तेव्हा मला पुस्तकातलं आठवलं, की रेडिओ बंद पडला तर टॉवर दिव्यानं खुणा करतो. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे थांब. ओटीत आलेले दोन ब्लाऊजपीस, एक हिरवा, एक लाल, काढले आणि टॉर्चवर धरले. (टॉर्चचे सेल हिशोबाच्या वहीत कुठल्या खात्यात टाकावेत यावर अडले होते, शेवटी 'शिक्षण' लिहिलं.) दुपारपर्यंत घराला सवय झाली. दूधवाल्या भामाबाईला लाल दाखवला तर ती उंबऱ्यातच उभी, "आवं वैनी, आत येऊ का नगं?"

संध्याकाळी हे आले. शिडीखाली उभं राहून म्हणाले, "लोणंदचे पाहुणे रविवारी पोरगी बघायला येतो म्हणतात. हो म्हणू का?" त्यांच्या पाठीमागे प्रिया पाटावर बसून विमान उतरवायची परवानगी मागत होती, आणि मी तिला हिरवा दाखवला. हे मान डोलवून थेट एसटीडी बूथवर. प्रियानं "बाबा, बाबा" म्हणून हाका मारल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. मी शिडीवर लाल कापड शोधतेय तोवर फाटक वाजलंसुद्धा. आज मौन सुटल्यावर सगळं सांगितलं, तर म्हणतात, दिलेला शब्द फिरवायचा नाही.

तुमची,
चंदनबाला

ता.क. लिहिण्याचं कारण हे, की स्थळ तुम्ही सुचवलंय, लोणंदकर तुमचं ऐकतात. पाहुण्यांना पुढचा रविवार द्या. मी लिहिलं हे मात्र ह्यांना कळू देऊ नका.

ता.क. दुसरा. पानं वाढेपर्यंत पत्र उघडं राहिलं आणि ह्यांनी वाचलं. म्हणाले, हिरवा पोरीला होता हे मला तेव्हाच कळलं होतं. एवढं बोलून ताक मागितलं. मी वाढलं नाही. तेव्हा पाहुण्यांना थांबवायचं राहू द्या. रविवारी मी पोरीबरोबर विमानतळावर जाते, घरी हे एकटेच असतील. पोहे ह्यांना करता येत नाहीत, साखर कुठं असते तेही ठाऊक नाही. तुम्ही मदतीला आलात तर उत्तम, नाही आलात तर त्याहून उत्तम.