गच्चीवरच्या नारिंगी शेवाळाची वाटणी

काचेच्या चार उभ्या नळ्या, हवा सोडणारा पंप, खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या, तेल ढवळायची फिरकी आणि गच्चीवरची ही शेड, एवढे सर्व मी स्वतःच्या हातांनी, कोणत्याही पदवीवाचून बनवले आहे. ते बनवणारा मी, वय बावन्न, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीबाबत पत्नीचे मत वेगळे आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मृत्युपत्राचे कारण डॉक्टर नसून मेव्हणा आहे.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीला. निम्मी गच्चीही कपडे वाळत घालायला तिचीच. "सगळं ऊन तुमच्या शेवाळालाच का हो?" हा तिचा जुना दावा यापुढे निकाली समजावा.

२. मेव्हण्याला घासायचा ब्रश. मी परगावी असताना त्याने माझी मोठी टाकी ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख केली आणि वर फोन केला, "दाजी, काय शेवाळ साचलं होतं हो! आता तळ दिसतोय बघा." मला तळच दिसला. धाकटी टाकी त्याच्या नजरेतून सुटली म्हणून काम टिकले. ब्रश त्याचाच आहे, परत करतो.

३. ती धाकटी, जिवंत टाकी मुलीला. कडक उन्हात हे शेवाळ नारिंगी होते. तो रंग खाद्यतेलात उतरवून घ्यावा, फिरकी हळू ठेवावी आणि शेवाळ जिवंतच पाण्यात परत सोडावे. ते पुन्हा रंग धरते. धार काढायला कोणी गाय कापत नाही. टाकी विकत मागायला आलेले रंगाच्या कंपनीवाले मात्र सगळे वाळवून, रसायनात बुडवून एकदाच पिळू म्हणतात. त्यांचा माणूस मुलीलाही भेटून गेला. ती म्हणाली, "बाबा, तुमच्यामागे मला नाही म्हणता येईल का, खरंच सांगता येत नाही." म्हणूनच टाकी तिला. खात्री तर मेव्हण्यानेही दिली असती.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही). साबण बनवणाऱ्या बाई, नारिंगी तेलाच्या गिऱ्हाईक (सही).
लिहून ठेवणार: वरीलप्रमाणे मी (सही).
ठिकाण: गच्चीवरची शेड. दिनांक: १२ मार्च.

साक्षीदारांसमोरच वाढवलेली ओळ: मुलीने विकलेच, तर मी ज्या रकमेला नाही म्हणालो तिच्या खाली विकू नये. पत्नीने पुढचे बसून वाचावे. टाकी व पद्धत यांसाठी कंपनीने देऊ केलेली आणि मी नाकारलेली रक्कम: साठ लाख.