हळद सांडलेला तलावाचा काठ

४ फेब्रुवारी २००५, गडमुडशिंगी
पोहायचा तलाव उपसला. मार्चला लेडीज बॅच सुरू करायची तर आत्ताच हलायला पाहिजे. काठावरचा डाग ह्या खेपेला जास्तच डोळ्यात भरतोय. परातीएवढा. मधे तपकिरी, कडेला काळपट. आणि तो पण नेमका शिडीजवळ, बायका उतरतात तिथंच.
रूपा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी मान वर केली तशी आत सरकली. दिवाळीला माघारी आली पोरगी, अजून तलावाकडं पाय वळला नाही. लग्नाआधी ह्याच काठावर उभी राहून बायकांना पोहायला शिकवायची, आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

६ फेब्रु.
शेजारची कमलाकाकू दूध न्यायला आली. डागाकडं बघून म्हणते, "तवाच कळाय पायजे हुतं. रगत दिसलं हुतं की ते."
जिभेला हाड म्हणून नाही! गेल्या मे महिन्यात रूपाची हळद इथंच झाली. ह्यांचा सिमेंटच्या पाईपांचा कारखाना, लग्नासाठी काठ स्वतः नव्यानं ओतलेला, तो पावण्यांना दाखवायची हौस. तेलात कालवलेल्या हळदीची वाटी कलंडली आणि नव्या सिमेंटवर हळद लालभडक झाली. तेव्हा हीच काकू नाचायची बाकी होती. "हळदीचं कुंकू झालं गं बाई! आपणहून उमटलं!" सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मी पण केला. आता जावई पुण्यात दुसरी घेऊन बसला, त्यात सिमेंटचा काय गुन्हा?
रूपा दारातच होती. ऐकलंच असणार.
हा डाग मी ठेवत नाही. तो गेला की पोरगी येईल काठावर.

९ फेब्रु.
फरशीचं अ‍ॅसिड ओतून घासला. डाग ढिम्म. भोवतीनं पांढरं खडबडीत कडं मात्र पडलं. आता तर आंधळ्याला पण दिसेल.
हे म्हणाले, "सिमेंटवर अ‍ॅसिड? पाईपवाल्याच्या बायकोनं?"
म्हटलं, "मग पाईपवाल्यानं करायचं हुतं की!" हात जळजळतायत.

१२ फेब्रु.
शिवाप्पा गवंडी आला. "अक्का, काळजी सोडा. राखाडी ऑइलपेंटचा एक हात मारला की खल्लास." मारला. संध्याकाळपर्यंत झकास दिसत होतं. मी दोनदा जाऊन बघून आले.

१७ फेब्रु.
कसलं खल्लास! डागावरच तेवढे फोड आले आणि पापुद्रे सुटले. हळद उन्हानं कधीच उडालीय, तेल आत मुरलंय, ते रंग धरू देत नाही. शिवाप्पा म्हणतो रंगच भेसळीचा. रंगवाला म्हणतो गवंडीच कच्चा. बसा भांडत. एकदा पाय घसरता घसरता वाचला ते वेगळंच, ऑइलपेंट ओला झाला की नुसता साबण.

१८ फेब्रु.
ह्यांच्याबरोबर कोल्हापुरात, शाहूपुरीत. चार दुकानं पालथी. ह्यांना चकचकीत टाईल आवडली, पांढरी, निळ्या फुलाची. म्हटलं, ओल्या पायांनी बायका चालणार त्यावर, हाडं कोण गोळा करणार? मग दुकानदारानं सिमेंटात कालवायचा लाल ऑक्साइड सुचवला, "वहिनी, लालात तपकिरी डाग जिरून जातोय बगा." मला आधी पटलं. मग नको वाटलं. लाल नकोच.
शेवटी सगळ्याचे थोडे थोडे नमुने आणले. पायाला विचारून ठरवू.

२० फेब्रु.
आज मजा झाली. शिवाप्पानं काठालगत नमुने बसवून ठेवलेले, टाईल, शहाबादी, आणि बारीक खडी सिमेंटात कालवून वरनं धुतलेली. बॅचच्या बायकांना चहाला बोलावलं आणि बादलीनं पाणी ओतून अनवाणी चालायला लावलं. टाईलवर कमलाकाकू जी सुटली, "मेले गं आई, धरा की कुणीतरी!" म्हणत थेट शिवाप्पाच्या अंगावर. तो बिचारा घमेलं धरून तसाच उभा. हसून हसून मुरकुंडी.
वर खिडकीत रूपा पण हसली. खरंच हसली, आवाज आला. किती दिवसांनी.
तेवढ्यात एकीनं विचारलं, "रूपाचं मालक कवा येणार वो दुबईस्नं?" म्हटलं, "येतील की, सुट्टी मिळाली की." (सगळ्यांना दुबईच सांगितलंय. खरं काय ते काकूला तेवढं ठाऊक, भिंतीला भिंत आहे.) वर बघितलं तर खिडकी मोकळी.
खडीवर सगळ्यांचं एकमत झालं. करडे, काळे, पांढरे ठिपके, वर काय सांडलं तर सापडायचं नाही. पाय पण घसरत नाही. शहाबादी उन्हात तापते. हे टाईलसाठी जरा फुगलेत.

२४ फेब्रु.
तेलकट भाग छिन्नीनं उखडून काढला, मग सगळ्या काठावर खडीचा एकच थर. शिवाप्पानं ब्रशनं धुतला तसे ठिपके वर आले. सुंदर दिसतंय. डाग कुठं होता ते मलाच सांगता येईना.

२७ फेब्रु.
रूपाला हाताला धरून काठावर नेलं. "सांग बघू, कुठं हुता?" लहान पोरासारखी झाले होते मी.
"आई, डाग झाकलास. आता मला कशानं झाकणार हाईस?"
मी म्हटलं, असं काय बोलतेस.
"दुबई सांगितलंयस न्हवं सगळ्यांना? मी हितं उभी राहून रोज त्यांना दुबईचं काय सांगू?"
आत गेली. मी तिथंच उभी. राग आला आधी. एवढं केलं पोरीसाठी... मग राग पण टिकला नाही. रडले. तिनं काय चूक केलीय म्हणून मी दुबई सांगत फिरतेय?

१ मार्च
बॅच सुरू. सगळ्यांनी काठाचं कौतुक केलं, एकजण तर मुद्दाम नाचून दाखवत होती. मग आलंच, "दुबईचं काय?"
ह्या खेपेला खरं तेच बोलले. "दुबई न्हाय नि फिबई न्हाय. त्यानं दुसरी ठेवलीय. रूपा सोडून आलीय, आता हितंच राहणार."
कमलाकाकू खाली बघायला लागली. मग मागनं हौसाबाई, पासष्टीची, कमरेला ट्यूब अडकवलेली, खेकसली, "बरं झालं आली ती. मग तिला बोलवा की! आमाला शिकवणार कोण? तुमाला तरी कुठं पवाय येतंय!"
खरंच येत नाही मला.
घरात गेले. रूपा चपात्या लाटत होती. सगळं सांगितलं, जसं बोलले तसं.
"सगळ्यांसमोर सांगितलंस?"
"व्हय."
तिनं तव्यावरची चपाती उलटली. दोन फुगल्या, एक करपली. मी आपली परातीतलं पीठ सारखं करत बसले. मग ती म्हणाली, "बॅचची वेळ तीच हाय का?"
म्हटलं, "तीच."
येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.